तक्रार नसलेली पेशंट

माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, खिशातल्या घड्याळाएवढं एक यंत्र बसवलेलं आहे. त्यातून निघालेली तार मानेत जाते आणि तिथल्या एका मज्जातंतूभोवती वेटोळं घालून बसते. दर पाच मिनिटांनी तीस सेकंद ते यंत्र त्या तंतूला बारीक वीज देतं, म्हणजे मेंदूतल्या फिटा आटोक्यात राहतात. कामिनोसावा गावात ही गोष्ट फक्त माझ्या नवऱ्याला आणि कचेरीतल्या सागारासाहेबांना माहीत होती. बाकीचं गाव मला, हिरुमा तोमिएला, ओळखायचं ते आवाजावरून.

गावात ठिकठिकाणी खांबांवर कर्णे लावलेले आहेत. उद्या पाणी बंद, वरच्या वस्तीत अस्वल दिसलं, ब्याऐंशी वर्षांचे राखाडी टोपी घातलेले आजोबा सकाळपासून घरी आलेले नाहीत, हे सगळं त्यातून मी सांगायची. एकोणीस वर्षं. आमच्याकडे आवाज डोंगरावर आपटून परत येतो, म्हणून एक वाक्य बोलायचं, तो परत येऊन विरेपर्यंत थांबायचं, मग पुढचं. हे मला फार छान जमायचं. माझा नवरा म्हणायचा, "अस्वलाबद्दल तू एवढ्या अदबीने बोलतेस, माझ्याशी कधी बोलली नाहीस." त्याचं म्हणणं खरं होतं.

यंत्र बसायच्या आधी मला महिन्यातून सात-आठ फिटा यायच्या. मी पडत नसे, ओरडत नसे. माझी फिटही माझ्यासारखीच भिडस्त. मी एकीकडे नजर लावून दीड-दोन मिनिटं हातातलं काहीतरी चाळत बसायची आणि नंतर मला त्यातलं काही आठवायचं नाही. चार प्रकारच्या गोळ्या झाल्या, उपयोग शून्य. एकदा ती नेमकी माईकचं बटण दाबलेलं असताना आली. गावाने "कामिनोसावाच्या नागरिकांनो" एवढं ऐकलं आणि पुढे दोन मिनिटं नुसती कागदाची खसफस. सागारासाहेबांनी उपकरण बिघडल्याचं सांगून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी भाजीच्या दुकानात शेजारणीने मला विचारलं, झालं का दुरुस्त? मी म्हटलं, झालं. आणि घरी येऊन रडले.

मग मी बसने दोन तासांवरच्या शहरात, मोठ्या इस्पितळातल्या काकिउचि सेन्सेईंकडे गेले. मेंदूचे सर्जन; आमच्याकडे डॉक्टरांना सेन्सेई म्हणतात. त्यांनी यंत्र बसवलं, दर खेपेला विजेचं प्रमाण एकेक पायरी वाढवत नेलं, आणि वर्षभरात माझ्या फिटा महिन्याला एकीवर आल्या. मला आनंद झालाच, पण सेन्सेईंना झालेला आनंद बघून मलाच लाजल्यासारखं झालं. त्यांनी माझा आलेख काढला. डावीकडे उंच, उजवीकडे सपाट. तो ते परिषदांमधून दाखवायचे. पडद्यावर माझं नाव नसायचं, नुसतं 'अठ्ठेचाळीस वर्षांची स्त्री'. पुढे मी चोपन्नची झाले तरी आलेखात अठ्ठेचाळीसच राहिले, याबद्दल मात्र माझी खरोखरच काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती आवाजाची. यंत्र सुरू झालं की त्या तीस सेकंदांत माझा गळा आवळल्यासारखा व्हायचा आणि आवाज घोगरा होऊन फाटायचा. वीज वाढत गेली तसा जास्तच. मी घड्याळाकडे बघून यंत्र थांबल्या थांबल्या बोलायला सुरुवात करायची, साडेचार मिनिटांत पाणी बंद असल्याचं आरामात सांगून व्हायचं. पण हरवलेल्या माणसाचं निवेदन घड्याळ बघून करता येत नाही. आलं की लगेच, आणि लागोपाठ दोनदा वाचायचं. दुसऱ्या वेळी बहुतेक माझा गळा जायचा. मग कचेरीत फोन यायचे की निवेदन वाचणारी बाई त्या आजोबांची कुणी लागते का, बिचारी रडत होती.

यंत्रावर चुंबक धरून ठेवलं की तेवढ्यापुरतं ते थांबतं, हे मला शिकवलेलं होतं. पण एक हात चुंबकावर, एका हातात कागद, आणि माईकचं बटण दाबून धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. म्हणून एकदा मी ते पट्टीने छातीला चिकटवलं. अस्वलाच्या निवेदनात मी जरा पुढे वाकले, पट्टी सुटली, चुंबक ब्लाउजमधून निसटलं आणि माईकच्या लोखंडी दांड्याला जाऊन खाडकन चिकटलं. सगळ्या खोऱ्यात तो आवाज घुमला. वरच्या वस्तीतल्या लोकांनी अस्वलावर गोळी झाडली असं समजून दारं लावून घेतली. त्यानंतर मी चुंबकाचा नाद सोडला.

आता कुणीही विचारेल की बाई, मग डॉक्टरांना सांगितलं का नाहीस? तर दर तीन महिन्यांनी मी तिथे जायची. तीन तास बाकावर बसायचं आणि तीन मिनिटं आत. बाकावर माझ्यासारखे वीसजण. सेन्सेई दुपारचं जेवण न करता बसलेले. ते माझा आलेख उघडायचे, त्यांचा चेहरा खुलायचा, आणि ते विचारायचे, "काही त्रास नाही ना?" अशा वेळी 'आहे' म्हणणं मला त्यांच्या तोंडात मारल्यासारखं वाटायचं. शिवाय भीती होती. वीज कमी केली आणि ती खसफस परत आली तर? म्हणून मी मूग गिळून बसायची. उलट आवाज लपवायला मी अशा काही क्लृप्त्या शोधल्या होत्या की विचारू नका. खोलीत जायच्या आधी यंत्राची वेळ गाठायची. चुकलीच तर तीस सेकंद पिशवीत औषधांची वही शोधायची. वही हातात असली तरी शोधायची. अगदीच गळ्याशी आलं तर खाली वाकून नमस्कार करायचा. माझ्याएवढा लांब नमस्कार त्या इस्पितळात कुणी केला नसेल. सेन्सेई परिचारिकेला म्हणायचे, किती नम्र बाई आहेत.

अशी चोवीस वेळा मी तिथे गेले.

या नम्रपणाचं बक्षीसही मिळालं. सेन्सेई दर फेब्रुवारीत दोन दिवसांचा वर्ग घेतात. हे यंत्र बसवायला आणि सांभाळायला शिकण्यासाठी देशभरातून बारा डॉक्टर येतात. पहिल्या दिवशी रबराच्या मानेतल्या तंतूभोवती तार गुंडाळायची. तंतू शिजलेल्या शेवयेएवढा, तारेची वेटोळी त्याहून नाजूक. एकदा मी काचेतून बघितलं होतं. वीस वर्षं मेंदू कापणाऱ्या एका गृहस्थांच्या हातून वेटोळं तीनदा निसटलं आणि त्यांच्या टोपीतून घाम टपकायला लागला. माझा हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला. दुसऱ्या दिवशी पेशंटला कसं विचारायचं, वीज कशी कमीजास्त करायची, याचा सराव. त्यासाठी खोटी पेशंट हवी होती. आधी नाटकमंडळातल्या कुणी बाई यायच्या, पण त्यांना म्हणे यंत्राचं काही कळायचं नाही आणि फिटेचा अभिनय फार करायच्या. तेव्हा सेन्सेईंनी मला विचारलं, जमेल का? मला कुणालाही नाही म्हणता येत नाही हे एव्हाना लक्षात आलंच असेल.

माझ्या हातात त्यांनी एक कागद दिला. 'पेशंट: मध्यमवयीन गृहिणी. यंत्रामुळे आवाज जातो, परंतु डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून सांगत नाही. शिकणाऱ्याने हे शोधून काढावे.'  तो वाचून मला वाटलं, यांना कळलं. पण सेन्सेई हसत म्हणाले, "असेही पेशंट असतात, हिरुमासान. तुमच्यासारखे मोकळेपणाने बोलणारे थोडेच."

चार वर्षं मी ती भूमिका केली. प्रत्येक डॉक्टरला आठ मिनिटं, मग घंटा. अठ्ठेचाळीस डॉक्टर आले आणि गेले. सगळ्यांनी वाचक, म्हणजे यंत्रातले आकडे टिपणारं उपकरण, माझ्या छातीजवळ धरला, पडद्यावरचे आकडे बघितले आणि विचारलं, काही त्रास? मी म्हणायची, नाही. आणि पिशवीत वही शोधायला लागायची. एकालाही सापडलं नाही. वर्गाच्या शेवटी सेन्सेई सगळ्यांसमोर म्हणायचे की हिरुमासान इतकं सहज लपवतात की खरंच वाटतं. सगळे टाळ्या वाजवायचे आणि मी, तेवढ्या टाळ्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढून, बसने घरी यायची.

पाचव्या वर्षी मी वर्गाला गेले तेव्हा मात्र मन थाऱ्यावर नव्हतं. कचेरीत कळलं होतं की एप्रिलपासून निवेदनं संगणकाच्या आवाजात होणार. फोन फार यायला लागले, बाईंचा आवाज फाटतो, वरच्या वस्तीला शब्द कळत नाहीत. माझी समजूत अशी की आवाज सुधारला तर हे टळेल. सेन्सेईंना सांगावं की यंत्र बंद करा, असं बसमध्ये ठरवलं. इस्पितळाच्या दारात खसफस आठवली आणि ठरवलेलं मोडलं. एक तर माईक जाणार, नाहीतर फिटा परत येणार, आणि दोन्हीपैकी एक निवडायचं धाडस माझ्यात नव्हतं.

त्या वर्षी सहाव्या क्रमांकाला डॉक्टर तोकाशिकि आले. दक्षिणेकडच्या कुठल्याशा लहान बेटावरचे, पन्नाशीचे, उन्हाने रापलेले. चालणं असं की घंटा वाजून गेली तरी ते दारातच होते. बसल्यावर त्यांनी वाचक उचललाच नाही. मी वहीसाठी पिशवी उघडून तयार.

"आमच्याकडे पेशंट बोटीने येतो," ते म्हणाले. "परतीची बोट संध्याकाळी. त्यामुळे घाईघाईने विचारायची मला सवय नाही. बसू जरा."

आणि बसले. आठ मिनिटांतली दोन अशीच गेली. कोपऱ्यात गुणपत्रिका घेऊन बसलेले सेन्सेई चुळबुळायला लागले. मग तोकाशिकि भिंतीकडे बघत म्हणाले, "मी चष्मा वर खोलीतच विसरलो. ती पाटी जरा वाचून दाखवता?"

आग लागल्यास काय करावं याची पाटी होती. कागदावर माझी भूमिका गृहिणीची होती, पण एकोणीस वर्षांची खोड कुठे जाते? मी पाठ ताठ केली आणि वाचायला लागले. नागरिकांनो नाही म्हटलं एवढंच. एक वाक्य, मग थांबणं, मग दुसरं. त्यांनी डोळे मिटले होते. मला इतकं बरं वाटत होतं की मी घड्याळाकडे बघायचंच विसरले. 'लिफ्टचा वापर करू नये' इथे यंत्र सुरू झालं आणि माझा आवाज फाटला. मी चटकन चहाच्या पेल्याकडे हात नेला. तोकाशिकिंनी त्यावर आपला तळहात ठेवला.

"पुढे वाचा ना," ते म्हणाले.

मी वाचलं. घोगऱ्या, तुटक्या आवाजात, जिन्याने खाली उतरण्यापर्यंत सगळं. तीस सेकंद संपली तेव्हा कोपऱ्यातून टाळ्यांचा आवाज आला. सेन्सेई उभे राहिले होते. "वा, हिरुमासान. असा आवाज तुम्ही आजपर्यंत कधी काढला नव्हता."

मला त्या क्षणी नुसतं नमस्कार करून सुटता आलं असतं. मी वाकलेसुद्धा. पण तोकाशिकि माझ्याकडेच बघत होते. "सेन्सेई," ते हळूच म्हणाले, "या बाई काही करून दाखवत नाहीयेत. आवाज बरोबर तीस सेकंदच गेला होता."

 सेन्सेई जवळ आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, "माफ करा. सहा वर्षं." आणि चोपन्न वर्षांची बाई, अनोळखी डॉक्टरांच्या वर्गात, मी हुंदके देऊन रडले. लाज वाटायला हवी होती. पण पहिल्यांदा वाटलं ते हलकं.

सेन्सेईंनी उरलेल्या डॉक्टरांनाही आत बोलावलं. गुणपत्रिका टेबलावर ठेवली, तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "या बाईंना मी चोवीस वेळा तपासलं. चोवीस वेळा मीच उत्तर ठरवून प्रश्न विचारला. मी नापास." एकजणही हसला नाही. मला मात्र त्यांची फार दया आली आणि मी सवयीने म्हणून गेले की चूक माझीच. त्यावर तोकाशिकि म्हणाले, "निम्मी तुमची." एवढं चोख माप मला आजवर कुणी काढून दिलं नव्हतं.

पुढचं काम दहा मिनिटांचं. सेन्सेई सांगत गेले आणि तोकाशिकिंनी यंत्रातले दोन आकडे बदलले. वीज तेवढीच ठेवली, पण तिचा प्रत्येक ठोका आखूड केला आणि सेकंदातले ठोके कमी केले. यामुळे बहुतेकांचा आवाज सुधारतो आणि फिटाही सहसा वाढत नाहीत, असं सेन्सेई वर्गाला म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. हे पहिल्या वर्षीच करता आलं असतं. मी मग सगळी पाटी पुन्हा वाचली. गळा किंचित आवळला, आवाज फाटला नाही. बारा डॉक्टर ऐकत होते. आग लागल्यावर काय करायचं हे त्यांच्याइतकं देशात कुणाला पाठ नसेल.

तीन आठवडे वाट पाहिली. फिटा वाढल्या नाहीत. मग मार्चच्या सुरुवातीला मी सागारासाहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं की माझा आवाज आता बरा आहे, आता संगणकाची गरज पडणार नाही.

साहेबांनी कपाटातून फाईल काढली. त्यात ऑक्टोबरात टेबलाटेबलावरून फिरलेला कागद होता. 'निवेदनासाठी संगणकीय आवाज घेण्याबाबत. हरकत असल्यास कळवावे.' खाली, हरकत नसल्याचे, अकरा जणांचे लाल शिक्के. आठवा शिक्का माझा, हिरुमा. आमच्याकडे हाताखालच्या माणसाने शिक्का वरिष्ठांच्या बाजूला थोडा कलता मारायचा, वाकून उभं राहिल्यासारखा. माझा सगळ्यांत सुबक कलला होता. आणि मला तो मारल्याचं आठवत होतं. कागद मी वाचलाही होता. माझ्या आधी सातजणांनी मारलेला, मग आठवी मी कशी अडवणार, आणि तेही स्वतःसाठी? म्हणून मारला आणि चहा करायला उठले.

साहेब अवघडून म्हणाले, "हिरुमासान, मला वाटलं, सुटले एकदाची म्हणून तुम्हाला बरंच वाटेल. हे काम आवडतं असं तुम्ही कधी म्हणालाच नाहीत."

"मला हे काम फार आवडतं, साहेब," मी म्हटलं. "हरवलेला माणूस सापडला की तेही मीच सांगायची. ते सांगताना मला जेवढं बरं वाटायचं तेवढं दुसऱ्या कशानेच वाटत नाही. मला हरकत आहे."

हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारत होते.  साहेबांनी दातांतून हवा आत ओढली. आमच्याकडे 'नाही' असंच म्हणतात, त्यावरूनच मला उत्तर कळलं. करार झाला होता, उपकरण येऊन पडलं होतं. त्यांनी मला मालमत्तेच्या नोंदींच्या विभागात बसवलं. एकतीस मार्चला मी शेवटचं निवेदन केलं, दुसऱ्या दिवशीपासून कचऱ्याच्या गाड्यांचे दिवस बदलणार असल्याचं. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ होता.

मे महिन्यात मी पंचविसाव्या वेळी इस्पितळात गेले. बाक तोच, तीन तास तेच, बाहेर वीसजण. सेन्सेईंच्या मागे दोन शिकाऊ डॉक्टर वह्या घेऊन बसले होते. सेन्सेईंनी आलेख उघडला नाही. कशा आहात विचारलं आणि गप्प बसले. ही त्यांची नवी सवय. मी सांगितलं की फिट महिन्याला एक, आवाज छान. त्यांचा चेहरा खुलला. आता उठायचं, वाकायचं आणि निघायचं, एवढंच बाकी होतं.

"पण सेन्सेई, मला वाईट वाटतंय," मी म्हटलं. "माझा माईक गेला."

त्यांचा हात वाचकाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. "याच्यात बदलता येईल असा आकडा माझ्याकडे नाही, हिरुमासान."

"माहीत आहे. तरी सांगायचं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी पहिल्यापासून सांगायला लागले. डोंगरावरून परत येणारा आवाज, राखाडी टोपीचे आजोबा, लाल शिक्के. मध्ये पाच-सहा वेळा यंत्र सुरू झालं, मी थांबले नाही. परिचारिका दोनदा आत डोकावून गेली. बाहेरच्या वीस माणसांना त्या दिवशी माझ्यामुळे अर्धा तास जास्त बसावं लागलं, आणि बाहेर पडताना मी त्यांतल्या एकाचीही माफी मागितली नाही.